सुरणाची सुरमई

मैनाच्या घरात दोन वेळा नांदत होत्या. एक दहिवलीची, ओटीवरच्या घड्याळातली. दुसरी कॅनडाची, ती फक्त मैनाच्या डोक्यात चालायची. तिचा एकुलता एक हर्षद टोरंटोजवळच्या एका गावात शिकायला गेला, त्याला दीड वर्ष होत आलं होतं, आणि तेव्हापासून बाईचं शरीर कर्जत तालुक्यात आणि जीव तिकडे, असा कारभार चालला होता.

सकाळी अकराच्या सुमाराला ती भांडी घासायला बसली की हात आपोआप हळू व्हायचे. तिकडे मध्यरात्र उलटलेली, पोराचा नुकता डोळा लागला असणार. पातेलं जरा जोरात आपटलं तरी तिला वाटे, तो दचकून कुशीवर वळला. तिचे सासरे आबाजी ओटीवरून हे बघायचे आणि म्हणायचे, "अगं मैने, सात समुद्रापल्याड हाय तो. तुझी कढय म्हंजे काय गिरनीचा भोंगा हाय का?"

मैना हसायची, पण कढई हळूच ठेवायची.

गेल्या महिन्यात तर गेल्या वर्षीचंच नवल परत झालं. हर्षदने सांगितलं की थंडी आली म्हणून तिकडे सगळ्या देशाने घड्याळं एक तास मागे केली. मैना दोन दिवस त्याच विचारात. एवढा मोठा देश, आणि सगळे मिळून एका रात्रीत म्हणतात, चला, एक तास मागं. मग तो तास ठेवतात कुठे? आणि तास मागे घेता येतो, तर तेलाच्या डब्याचा भाव का घेता येत नाही? गोडं तेल, तूरडाळ, गॅस, आबाजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं पुढेच पळत होतं. कुणी मायेचा पूत त्यांना एक वर्ष मागे ओढेना.

हर्षदच्या फीसाठी बँकेचं कर्ज होतं. खोलीचं भाडं आणि खाणंपिणं मात्र त्याच्या शनिवार-रविवारच्या कामातून आणि उरलेलं घरून. घर म्हणजे विलास, मैनाचा नवरा. तो माथेरानला एका हॉटेलात कोठीघर सांभाळायचा आणि गर्दी ओसरली की सोमवारी-मंगळवारी खाली यायचा. पगार होता तेवढाच. तिकडे भाडं वाढलं, इकडे डॉलर चढला. दर महिन्याला तेवढेच रुपये पाठवावेत, तर तिकडे पोचेपर्यंत ते वाळून जायचे, ताज्या म्हावऱ्याची सुकट व्हावी तसे. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूण दहिवलीत आणि पाय कॅनडात, कुणी कसं आणि काय पाहायचं?

तरी मैनाने हात आखडला नाही, पोट आखडलं. आणि तेही रडतकुढत नाही. तिने मनाशी एक वेडा हिशेब जुळवला होता. इथे जे कमी होतं ते तिथे पोचतं, असा. दुपारचा दुसरा चहा तिने बंद केला. चारच्या सुमाराला ती पडवीत भिंतीला टेकून बसायची, डोळे मिटायची आणि बघायची: तिकडे पहाट आहे, काचेबाहेर भुरभुर बर्फ पडतोय, हर्षद ओट्याशी उभा आहे आणि त्याच्या कपातून वाफ निघते आहे. तोच तो चहा, तिने न प्यायलेला. वाफेचा वाससुद्धा यायचा, आल्याचा. घसा ओला झाल्यासारखं वाटायचं आणि ती उठून कामाला लागायची.

पहाटे शेतावर धुकं उतरायचं. भातं कापून झालेली, नुसते खुंट उरलेले, त्यावर पांढरं दाट धुकं आणि वर माथेरानचा डोंगर अर्धा बुडालेला. मैना परसदारी उभी राहायची आणि तिला तो बर्फच वाटायचा. दोन पावलं ती त्यात जायची तर जपून, घसरायला होईल म्हणून. आणि खरंच, चपलेखाली दव चिकटलं की हरखून जायची.

एवढं असूनही एक भीती तिला सोडत नव्हती. हर्षदला कळता कामा नये. कारण हा पोरगा घरात तंगीचा नुसता वास आला तरी बॅग भरणारा. बारावीनंतर पुण्याला चांगल्या कॉलेजात लागला होता. विलासचा पाय घाटात मोडला, पगार थांबला, आणि कुणीतरी ते फोनवर त्याला बोलून गेलं. तिसऱ्या दिवशी पोरगं कर्जत स्टेशनावर हजर, खांद्यावर बॅग. परत गेलाच नाही. दोन वर्षं चौक गावात मामाच्या गॅरेजात बिलं फाडत बसला. मग उशिरा, घरून ये-जा करत डिग्री झाली, आणि मग हे कॅनडाचं शिक्षण. मैना त्याला गोदामाचं शिक्षण म्हणायची. माल कुठे ठेवायचा, कसा न्यायचा, याचा अभ्यास असतो म्हणे. एप्रिलला ते संपणार होतं. एप्रिलपर्यंत त्याला कळू द्यायचं नाही, एवढाच तिचा नवस होता.

आणि नेमकं तेच अवघड होतं, कारण आठवड्यातून एकदा दोघं एकत्र जेवायची. बुधवारची संध्याकाळ त्याला मोकळी असे. तो रात्री आठला ताट घेऊन बसे, तेव्हा दहिवलीत गुरुवारची सकाळ, साडेसहा. मैना बुधवारचा भात-कालवण गरम करून, पहाटेच्या गारठ्यात, मोबाईल डब्याला टेकवून जेवायला बसे. सूर्य उगवायच्या आत रात्रीचं जेवण! आबाजी म्हणायचे, "ही बाय एक दिवस उद्याचं आज जेवेल."

हर्षदचा पहिला प्रश्न ठरलेला. "आज म्हावरं काय केलंस?"

पोरगा म्हावऱ्याचा, मासळीचा वेडा. पहिलं वर्ष ती खरंच करायची. गौराबाई कोळीण पाटी घेऊन नाक्यावर बसायची, बुध, शुक्र, रवि. मग भाव असे चढले की मैना नुसती वाटे बघून परतायला लागली. पहिल्यांदा ती फोनवर म्हणाली, आज मिळालं नाही रं. हर्षदने ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाला, "मिळालं नाय, का परवडत नाय?"

मैनाने तो आवाज ओळखला. हाच तो बॅग भरणारा आवाज.

पुढच्या बुधवारी तिने परसात, मोरीच्या पाण्यावर वाढलेला सुरण खणून काढला. त्याचे जाडसर काप केले, कोकमाच्या आगळात मुरवले, हळद-मसाला लावला, रव्यात घोळवून तव्यावर खरपूस तळले. पहाटे ताट मोबाईलसमोर धरलं. काठाशी लालबुंद, मधे सोनेरी.

"सुरमय!" हर्षद ओरडला. "च्यायला, आई, जाड तुकडी हाय!"

मोबाईलला डोळे असतात, जीभ नसते. नाकही नसतं. मैनाचं काम फत्ते झालं.

त्यानंतर दर आठवड्याला परसातून सुरमई निघायला लागली. आबाजींना आधी राग आला, मग गंमत वाटायला लागली. ते काप मोडून तोंडात टाकत आणि गंभीरपणे म्हणत, "म्हावरं झकास हाय गं. फकस्त हिला जमिनीत पवायला कुनी शिकवलं?" विलास खाली आला की म्हणायचा, "पोराला फसवतेस, पाप लागेल." मैना म्हणायची, "लागू दे. एप्रिलला धुवून टाकीन."

खोटं असं असतं, की सारखं बोललं की ते आपल्यालाच पटायला लागतं. आगळाचा आणि मसाल्याचा वास तव्यावरून उठला की तिला हल्ली उरणच्या खाडीवरचं ताजं म्हावरं आठवायचं. काप उलटताना ती हलक्या हाताने उलटायची, तुकडी फुटू नये म्हणून. एका पहाटे तर ती बोट ताटात फिरवत काटा शोधत होती. स्वतःच्याच वेडेपणाला हसली आणि भातावर डाळ ओतून घेतली.

गौराबाईला मात्र ती तोंड चुकवू लागली. नाक्यावरून न जाता मागच्या गल्लीने जायची. जुनं गिऱ्हाईक असं वळसा घालून जाताना कोळणीला दिसत नाही असं कुणी समजू नये. तिला दिसत होतं. ती बोलली नाही, एवढंच.

मग मार्गशीर्ष लागला.

आमच्याकडे बाकी वारांना काहीही शिजो, मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मी बसते आणि त्या दिवशी घरात म्हावऱ्याचं नावही निघत नाही. मैना तर सुक्या बोंबलांचा डबासुद्धा बुधवारी रात्री माळ्यावर टाकायची. त्या पहिल्या गुरुवारी ती चारला उठली. सडा-रांगोळी केली, चौरंग मांडला, तांब्याचा कलश, पाच झाडांचे डहाळे, नारळ, नारळाला लक्ष्मीचा मुखवटा, वर शेवंतीची वेणी. समई लावली. दिवसभराचा उपास धरला. हे सगळं दहिवलीच्या गुरुवारात झालं.

मग सव्वासहा झाले आणि तिच्या आतला दुसरा काटा फिरला. तिकडे बुधवार. तिकडे आठ वाजत आलेत. पोरगं भुकेलं असणार. मैना उठली, परसात धुकं होतं, ते तिने बघितलं, आणि तिला काही वेगळं वाटलं नाही. सुरण आदल्या दिवशी मुरवून ठेवलाच होता. तिने तवा ठेवला. खरं म्हावरं असतं तर पातेल्यातून काढतानाच हात जागीच थांबला असता, वासानेच ती जागी झाली असती. पण तो बिचारा सुरण. गुरुवारी सुरण तळायला कुणाची ना आहे? ज्या खोट्यावर तिने इतके महिने पोराला झुलवलं, त्या खोट्यानेच तिला झोपेत चालवलं.

फोन लागला. तिने ताट पुढे धरलं.

"बघ रं, आज काय हाय! सुरमय!"

हर्षद हसला. मग त्याचं हसू अर्ध्यातच थांबलं.

"आई, मोबाईल जरा वर धर."

"का रं?"

"धर तर."

तिने वर धरला. तो बघत राहिला. तिच्या खांद्यामागे समईच्या उजेडात लक्ष्मी बसली होती, नाकात नथ, डोक्यावर वेणी, शांतपणे ताटाकडे बघत.

"तुमच्याकडं आज गुरवार हाय ना गं?"

मैना वळली. तिने चौरंगाकडे पाहिलं, मग हातातल्या ताटाकडे. दोन वेळा एकमेकींवर आपटल्या आणि बाई खडबडून जागी झाली.

"मार्गशीर्षातला गुरवार," हर्षद म्हणाला. "आज तू म्हावरं केलंस?"

काहीतरी सांगता आलं असतं. आबांसाठी केलं, शेजाऱ्यांनी दिलं, विसरले. पण पाठीमागे देवी होती आणि आजच्या दिवशी तिच्यासमोर खोटं बोलायला मैनाची जीभ उचलेना.

"सुरण हाय," ती म्हणाली.

"आणि गेल्या बुधवारी?"

"सुरण."

"दिवाळीनंतर पापलेट होतं ते?"

"ते पन सुरणच रं. जरा गोल कापला व्हता."

हर्षदने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं, फक्त कान आणि मान दिसत होती. मानेवरची शीर हलत होती. मैनाला दिसलं, कर्जत स्टेशन, फलाटावरून चालत येणारा हर्षद, खांद्यावर बॅग. इतकं स्पष्ट दिसलं की तिने दाराकडे बघितलं.

"मी येतो," तो म्हणाला. "बास झालं. तिकिटाचं बघतो."

मैना रडणार नव्हती. तिला रडायला वेळ नव्हता. तिने ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि मोबाईल दोन्ही हातांनी धरला.

"आता माझं ऐक. म्हावरं परवडत नाय, खरं हाय. तुझ्यापासनं लपवलं, तेपन खरं. तुझा बाप वर डोंगरात राबतो, मी इथं काटकसर करते, आबा चहाला मुरड घालतात. सगळं खरं. आजपासनं तुला खोटं सांगणार नाय. पन सुरण खाऊन कुनी मेलं नाय रं. माझ्या परसातला हाय, आवडीनं खाते. तू अर्ध्यावर टाकून आलास ना, तर कुनी फुकट सुरमय आणून दिली तरी ती माझ्या घशाखाली उतरणार नाय. मंग जन्मभर उतरणार नाय. तेव्हा तू ठरव, मला कशानं उपाशी ठेवायचं ते."

आबाजी केव्हा येऊन मागे उभे राहिले कळलं नाही. त्यांनी मोबाईलमध्ये तोंड घातलं. "आन मी काय म्हंतो, सुरण चांगला शिजतो हिचा. दातबीत नसले तरी चावता येतो. तू तुझं गोदाम पुरं कर."

हर्षदला हसू आलं, ते नाकातून निघालं. त्याने बाहीने तोंड पुसलं.

"एप्रिलपर्यंत राहीन," तो म्हणाला. "पन एका अटीवर. रविवारी तुझ्या दुपारी, तू जेवतेस त्या टायमाला, मी फोन करणार. त्या दिवशी खरं म्हावरं पायजे. काय पन चालेल, स्वस्तातलं. आणि तू खायचंस. आबांच्या पानात टाकून मोकळी व्हायचं नाय."

"माझ्या दुपारी तुझी रात रं. दोन वाजतील."

"वाजू देत. वर्षभर तू माझ्या वेळेला जेवलीस. आता मी येतो तुझ्या वेळेला."

रविवारी मैना मागच्या गल्लीने गेली नाही. सरळ नाक्यावर गेली. गौराबाईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मैने, किती दिसांनी! मला वाटलं माळ घातलीस."

"घातलीच व्हती," मैना म्हणाली, "पन लेकानं काढाय लावली."

"सुरमय घेतेस? मार्गशीर्षात कुत्रं इचारत नाय, देते सस्तात."

"नको गं. मांदेली दे. एक वाटा."

गौराबाईने वाटा पिशवीत ओतला, वर आणखी मूठभर टाकली आणि पैसे न मोजता कमरेच्या पिशवीत सारले.

तिने कालवण केलं, आमसूल घालून, लसणीची फोडणी देऊन. घरभर वास सुटला, खरा, डोळे न मिटता येणारा. साडेबाराला ती आबाजींशेजारी पाटावर बसली. बाहेर लख्ख ऊन होतं. मोबाईलमध्ये मात्र अंधार, आणि अंधारात हर्षदचं निळसर तोंड, डोळे चोळत.

"झालं का?" तो म्हणाला. "वाढ."

तिने भातावर कालवण घेतलं. मांदेली बोटाएवढी, चंदेरी, कालवणाने पिवळी झालेली.

"मला दाखव."

तिने ताट पुढे केलं.

"असं नाय. ताटं मी लय बघितली." त्याचा आवाज झोपेने जड झाला होता, पण डोळे जागे होते. "काटा काढून दाखव."

मैना थांबली. मग हसली. "आयवर इश्वास नाय व्हय रं?"

"नाय," तो म्हणाला.

तिने मांदेली दोन बोटांत धरली, डोक्यापासून हळूच सोडवत नेली आणि मधला काटा अख्खा बाहेर आला, बारीक, पांढरा, उन्हात धरला तर आरपार दिसणारा. तिने तो मोबाईलसमोर धरला. हर्षद पुढे वाकून बघत राहिला. दागिना पारखतात तसा त्याने तो वरून खाली बघितला.

"हां," तो म्हणाला. "आता खा."

तिने घास घेतला. इतक्या महिन्यांनी खरी चव तोंडात आली आणि तिचे डोळे भरून वाहायला लागले. ती पुसायला गेली तर हात कालवणाचा.

"तिखट झालंय रं जरा," ती म्हणाली.

"दिसतंय मला," हर्षद म्हणाला. "अजून एक दाखव."